कुळवृत्तांतात नसलेला रकाना

१८५३ सालचा नोव्हेंबर महिना. झाशीचे राजे गंगाधरराव नेवाळकर अंथरुणाला खिळले होते. पोटचा मुलगा अवघ्या चार महिन्यांचा होऊन गेला होता. गादीला वारस नव्हता. तेव्हा नेवाळकरांच्याच भाऊबंदांतला आनंदराव नावाचा लहानगा घाईघाईनं दत्तक घेतला गेला, त्याचं नाव दामोदर ठेवलं गेलं आणि दुसऱ्या दिवशी, २१ नोव्हेंबरला, गंगाधररावांनी प्राण सोडला. पुढचा इतिहास मराठी घरांत लहान मुलांनाही पाठ असतो.

या सगळ्या प्रसंगाची बारीकसारीक नोंद आहे. दत्तक कोणाचा, कोणत्या घराण्यातला, समारंभाला कोण हजर होतं, हे सारं कागदोपत्री सापडतं. राजांच्या आजाराबद्दल मात्र चरित्रकार एवढंच सांगतात, की त्यांना संग्रहणी होती. म्हणजे आव, रक्ती हगवण. ती साध्या जंतूंमुळे झाली होती की आणखी कशामुळे, हे आज कोणीच सांगू शकणार नाही. तेव्हा कोणाला सांगता येण्याचा प्रश्नच नव्हता.

त्या गोष्टीला पावणेदोनशे वर्षं होत आली, पण शौचातून रक्त गेलं की त्यावर एक शब्द चिकटवून मोकळं व्हायची सवय काही गेलेली नाही. झाशीत आज तो शब्द आहे बवासीर. आपल्या मराठीत मूळव्याध. झाशीच नव्हे, साऱ्या उत्तर हिंदुस्थानात रेल्वेरुळांच्या कडेच्या भिंतींवर ‘बवासीर, भगंदर – शर्तिया इलाज’ अशा पाट्या रंगवलेल्या दिसतात. बहुतेकांना खरोखरच मूळव्याध असते, हे कबूल. पण ज्यांना ती नसते त्यांचं काय?

मोठ्या आतड्याचा आणि गुदाशयाचा कर्करोग आपल्याकडे पाश्चात्त्य देशांच्या मानानं कमी. पण दुसरी बाजू फार कमी लोकांना ठाऊक आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २०१३-१४ या एका वर्षात आलेल्या आठशे रुग्णांचा आढावा घेऊन तो प्रसिद्ध केला. त्यात रुग्णांचं सरासरी वय निघालं अवघं सत्तेचाळीसच्या आसपास. अमेरिकेत हा आजार मुख्यतः साठी ओलांडलेल्यांचा मानला जातो. आपल्याकडे तो कर्त्या माणसाला, मुलांच्या शाळा-कॉलेजच्या फिया भरायच्या वयात गाठतो.

इतक्या लवकर का? त्याची सगळी उत्तरं अजून मिळालेली नाहीत. पण दोन कारणं अशी आहेत, की ती घरातल्या घरात, कसलंही यंत्र न लावता शोधता येतात. एक, रक्तातून आलेला वारसा. दुसरं, वर्षानुवर्षं धुमसत राहिलेला आतड्याचा दाह.

शिवणकाम करणारी पॉलिन

वारशाची गोष्ट सुरू होते अमेरिकेत. मिशिगन राज्यातल्या ॲन आर्बर गावी १८९५ साली डॉ. अल्ड्रेड वॉर्थिन यांची गाठ पॉलिन ग्रॉस नावाच्या, शिवणकाम करणाऱ्या एका बाईशी पडली. ती खिन्न दिसली म्हणून त्यांनी विचारपूस केली. ती म्हणाली, की आपण लवकरच मरणार. आपल्या घरात बहुतेक माणसं पोटाच्या, आतड्याच्या नाही तर गर्भाशयाच्या कर्करोगानं गेली आहेत, आपलंही तेच होणार.

दुसरा एखादा डॉक्टर ‘मनाचे खेळ आहेत’ म्हणून मोकळा झाला असता. वॉर्थिननी ते मनावर घेतलं. पॉलिननं नातेवाइकांकडून माहिती गोळा केली: कोण कशानं गेलं, कितव्या वर्षी गेलं. त्या यादीवरून वॉर्थिननी १९१३ साली लेख लिहिला. पॉलिनचं म्हणणं दुर्दैवानं खरं ठरलं. तिला गर्भाशयाचा कर्करोग झाला आणि त्यातच ती गेली.

पुढं जवळजवळ पन्नास वर्षं या गोष्टीकडे कोणी फारसं लक्ष दिलं नाही. मग १९६२ साली नेब्रास्का राज्यातल्या ओमाहा इथं डॉ. हेन्री लिंच या तरुण डॉक्टरापुढं एक दारुडा रुग्ण आला. इतकी का पितोस, असं विचारल्यावर त्यानं सांगितलं, की घरातले सगळे कॅन्सरनं जातात, मीही जाणार, म्हणून पितो. लिंचनी त्याच्या घराण्याची वंशावळ मांडायला घेतली. कर्करोग असा घराण्यातून येतो हे तेव्हाचे तज्ज्ञ मानायला तयार नव्हते. लिंच मात्र घराण्यामागून घराणं तपासत राहिले. १९९३-९४ मध्ये त्यामागची जनुकं हाती लागली, तेव्हा कुठं त्यांचं म्हणणं सर्वमान्य झालं. आज या दोषाला लिंच सिंड्रोम असंच म्हणतात.

दोष असतो तरी काय? आपल्या आतड्याचं अस्तर दर चार-पाच दिवसांनी नवं होतं. प्रत्येक वेळी पेशीतल्या जनुकांचा सगळा मजकूर नकलला जातो आणि नकलताना चुका होतातच. त्या दुरुस्त करायला पेशीत काही प्रथिनं असतात. छापखान्यातल्या मुद्रितशोधकासारखीच म्हणा ना! लिंच सिंड्रोममध्ये हा मुद्रितशोधक घडवणारं जनुकच बिघडलेलं असतं. चुका साचत जातात आणि एखादी पेशी बेबंद वाढू लागते. आई-वडिलांपैकी एकात हा दोष असेल तर प्रत्येक मुलात तो उतरण्याची शक्यता निम्मी. मुलगा असो वा मुलगी.

असाच पण निराळा एक दोष आहे. त्यात लहान वयातच आतड्यात शेकड्यांनी, कधी हजारोंनी कोंब म्हणजे पॉलिप उगवतात. वेळीच शस्त्रक्रिया केली नाही तर चाळिशीच्या आत-बाहेर त्यातल्या एखाद्याचा कर्करोग जवळपास ठरलेला. सुदैवानं हा प्रकार फार विरळा. स्पष्ट आनुवंशिक दोषातून होणारे आतड्याचे कर्करोग सगळे मिळून शंभरात पाचच्या आसपास. तेव्हा काकांना झाला म्हणजे आता आपली पाळी, असं कोणी लगेच समजू नये.

माहेरचा धागा

आता झाशीकडे परत येऊ. मराठ्यांच्या अमलापासून तिथं स्थायिक झालेली मराठी घराणी आहेत. ज्या गणेश मंदिरात राणी लक्ष्मीबाईंचं लग्न लागलं, ते मंदिर आजही मराठी मंडळींना एकत्र आणतं. घरातली बोली हिंदीकडे झुकली, पण आपण मूळचे कुठले, हे अशा घरांत सांगितलं जातं. नेवाळकरांचंच बघा. त्यांचं मूळ गाव कोकणातलं कोट, मग खानदेशातलं पारोळं, मग झाशी. महाराष्ट्रात तर कित्येक आडनावांचे कुळवृत्तांत छापलेले आहेत. जन्म, लग्न, मुलंबाळं, नोकरी, गाव... सगळं त्यात सापडतं. मृत्यू कशानं झाला, हा रकाना मात्र क्वचितच असतो.

आणखी एक मोठी उणीव आहे. कुळवृत्तांत चालतो मुलग्यांच्या वाटेनं. मुलगी सासरी गेली, की तिची शाखा तिथंच थांबते. लिंच सिंड्रोमच्या बाबतीत तर ही उणीव फारच महागात पडते, कारण हा दोष असलेल्या स्त्रियांना आतड्याइतकाच गर्भाशयाच्या कर्करोगाचा धोका असतो.

समजा, एखाद्या घरात आजोबा पन्नाशीत ‘पोट बिघडून’ गेले. त्यांची मुलगी, म्हणजे मुलांची आत्या, ग्वाल्हेरला दिलेली. तिचं सत्तेचाळीसाव्या वर्षी ‘पिशवीचं ऑपरेशन’ झालं, पुढं ती गेली. बायकांचं दुखणं म्हणून माहेरी त्याची चर्चाही झाली नाही. आता आत्याच्या भाच्याला, बेचाळिसाव्या वर्षी, शौचातून रक्त जातं आहे. तो एकटा डॉक्टरांसमोर बसला तर मूळव्याधीचं निदान सहज पटण्याजोगं. पण आजोबा, आत्या आणि भाचा हे तिघं एका कागदावर आणले, की चित्र एकदम पालटतं. तीन नातेवाईक, दोन पिढ्या, त्यातला एक तरी पन्नाशीच्या आतला, हीच तर लिंच सिंड्रोमचा संशय घेण्याची तज्ज्ञांची जुनी कसोटी. वर्षानुवर्षं पिशवीचं ऑपरेशन एवढ्याच शब्दांत गुंडाळून ठेवलेलं आत्याचं दुखणं भाच्याचा जीव वाचवणारी माहिती ठरू शकतं.

(मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत आपल्याकडे काही समाजांत आहे. घराण्यात हा दोष असेल आणि नवरा-बायको दोघांकडेही तो आला असेल, तर मूल दोन्हीकडून दोष घेऊन जन्मू शकतं. अशा मुलांना बालपणीच मेंदूचा, रक्ताचा किंवा आतड्याचा कर्करोग होण्याचं भय असतं. फार दुर्मीळ, पण ठाऊक असावं.)

धुमसणारी आग

दुसरं कारण दाह. जखम झाली की ती लाल होते, सुजते, ठणकते. शरीराच्या सैनिक पेशी तिथं धावतात, जंतू मारतात आणि जखम भरली की परततात. ही झाली हिताची सूज. पण सैनिक परतलेच नाहीत तर? जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्को यांना १८६३ मध्येच गाठींमध्ये पांढऱ्या पेशी दिसल्या होत्या आणि सतत चिडलेल्या जागी कर्करोग उगवतो, असं त्यांनी मांडलं होतं. आतड्याच्या बाबतीत १९२५ साली न्यूयॉर्कच्या डॉ. बरिल क्रोन आणि त्यांच्या सहकाऱ्यानं अल्सरेटिव्ह कोलायटिस असलेल्या रुग्णाला गुदाशयाचा कर्करोग झाल्याची नोंद केली.

अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराला विनाकारण होणारे व्रण. शरीराची संरक्षक यंत्रणा आपल्याच आतड्यावर उलटते. रक्त, आव, कळ, दिवसातून दहा-दहा वेळा पळापळ! मग काही महिने बरं, मग पुन्हा तेच. हा गोऱ्यांचा आजार, असं पूर्वी समजत. पण लुधियानाच्या दयानंद वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉ. अजित सूद आणि सहकाऱ्यांनी पंजाबात पाहणी केली, तेव्हा लाखात सुमारे ४४ जणांना तो असल्याचं आढळलं. ही पाहणी २००३ साली प्रसिद्ध झाली.

आपल्या देशात अमिबाची आव इतकी परिचित, की कोलायटिसचा रुग्णही बरेचदा अमिबाच्याच गोळ्या घेत राहतो. थोडं बरं वाटतं, कारण आजाराचा स्वभावच चढउताराचा. श्रेय गोळीला! असं करता करता पाच-सात वर्षं निघून जातात आणि आत दाह चालूच राहतो. सैनिक पेशी जंतू मारायला जी तिखट रसायनं सोडतात, ती शेजारच्या पेशींच्या जनुकांनाही भाजून काढतात. अस्तर फाटतं म्हणून पेशी घाईघाईनं नव्या होतात आणि घाईत चुका वाढतात. पेशींना मरू न देणारे, वाढायला लावणारे रासायनिक निरोपही दाहाच्या जागी सतत सुटत असतात.

नेहमीच्या कर्करोगात आधी कोंब येतो, तो वाढतो आणि बऱ्याच वर्षांनी बिघडतो. दुर्बिणीतून तो दिसतो, कापूनही टाकता येतो. दाहातून होणारा कर्करोग मात्र पुष्कळदा सपाट अस्तरातच पसरतो, वर उठून दिसत नाही. जनुकं बिघडण्याचा क्रमही उलटा. एरवी शेवटी शेवटी बिघडणारं पी-५३ नावाचं राखणदार जनुक इथं सुरुवातीलाच निकामी होतं. म्हणूनच कोलायटिस सुरू होऊन आठ वर्षं झाली, की लक्षणं असोत वा नसोत, ठरावीक काळानं कोलोनोस्कोपी करून अस्तराचे तुकडे तपासावेत, असं तज्ज्ञ सांगतात. यकृताच्या पित्तनळ्यांचा दाहही असेल तर आठ वर्षं थांबायचं नाही, निदान झाल्यापासूनच.

धोका किती? २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात दहा वर्षांनंतर शंभरात दोन, वीस वर्षांनंतर आठ, तीस वर्षांनंतर अठरा असा हिशेब निघाला होता. औषधं सुधारल्यावर नंतरच्या अभ्यासांत हे आकडे बरेच खाली आले. म्हणजे दाह आटोक्यात ठेवला, तर धोकाही घटतो. बरं वाटलं म्हणून औषध परस्पर बंद करणाऱ्या रुग्णानं एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

ॲस्पिरिनचा पुरावा

वारसा आणि दाह हे दोन निराळे रस्ते असले तरी ते कुठं तरी मिळत असावेत, याचा एक सुंदर पुरावा इंग्लंडच्या न्यूकॅसलमधून आला. डॉ. जॉन बर्न यांनी लिंच सिंड्रोम असलेल्या ८६१ जणांवर एक प्रयोग केला. काहींना रोज ६०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन, काहींना नुसतीच पांढरी गोळी. कोणाला काय मिळतंय, हे कोणालाच ठाऊक नाही. सुमारे दोन वर्षं गोळ्या दिल्या आणि मग वाट पाहिली. २०२० मध्ये ‘लॅन्सेट’ नियतकालिकात आलेल्या निष्कर्षांनुसार, ॲस्पिरिन न घेतलेल्यांपैकी १३ टक्क्यांना आतड्याचा कर्करोग झाला, घेतलेल्यांपैकी ९ टक्क्यांना. जन्मानं आलेल्या दोषावर सूज उतरवणारं एक स्वस्त औषध चाललं!

म्हणून उद्यापासून कोणी ॲस्पिरिन चघळायला लागू नये. त्यानं जठरातून रक्तस्राव होऊ शकतो आणि कोलायटिसच्या रुग्णाचा त्रास उसळू शकतो. हा निर्णय डॉक्टरांचाच.

एक बोट, एक कागद

झाशीत महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालय १९६८ पासून आहे. ग्वाल्हेर शंभर किलोमीटरवर, तिथं कर्करोग रुग्णालय आहे. मोठ्या उपचारांसाठी लोक दिल्ली, लखनौ गाठतात, नाही तर पंजाब मेलनं मुंबई. हजार-अकराशे किलोमीटरचा प्रवास करून दादरला उतरायचं आणि परळला टाटा रुग्णालयात रांगेत बसायचं. तिथवर पोचलेल्याची गाठ बहुधा वाढलेली असते, कारण आधीची काही वर्षं ‘बवासीर’ या एका शब्दात गेलेली असतात.

खरं म्हणजे पहिल्या तपासणीला रेल्वेचं तिकीट लागत नाही. टाटांच्या त्या आढाव्यात गाठ सर्वांत जास्त आढळली ती गुदाशयात. तिथल्या पुष्कळशा गाठी डॉक्टरांच्या हातमोजा घातलेल्या बोटाला लागतात. खर्च काही नाही, वेळ दोन मिनिटं. आड येते ती लाज, रुग्णाची आणि कधी कधी डॉक्टरांचीही. बायका तर या तपासणीला तयारच होत नाहीत. शौचातून रक्त जातंय, सवय बदलली आहे, विनाकारण वजन उतरतंय, किंवा पाळी गेलेल्या बाईचं वा पुरुषाचं हिमोग्लोबिन कारणाशिवाय खाली आलंय, तर ‘बोटानं तपासा आणि गरज असेल तर दुर्बीण घाला’ असं रुग्णानंच म्हणायला हरकत नाही. मूळव्याध असली तरी म्हणावं. मूळव्याध आणि गाठ दोन्ही एकाच माणसाला असू शकतात.

घराण्यात संशय असेल, तर आजारी माणसाची जनुकतपासणी आधी करायची असते. नमुना रक्ताचा. टाटा रुग्णालयात यासाठी स्वतंत्र सल्ला-विभाग आहे. खारघरच्या ‘ॲक्ट्रेक’ या त्यांच्याच केंद्रात कर्करोगाच्या आनुवंशिकतेवर संशोधन चालतं. आजारी माणसात दोष सापडला, तरच नातेवाइकांनी तोच तपासून घ्यायचा. ज्यांच्यात तो नाही, ते सुटले. ज्यांच्यात आहे, त्यांना विशीच्या मध्यापासून दर एक-दोन वर्षांनी दुर्बीण. दोष सापडलेला नसला, तरी आई, वडील, भाऊ, बहीण यांपैकी एखाद्याला हा आजार झाला असेल, तर चाळिशीला, किंवा त्याच्या निदानाच्या वयाच्या दहा वर्षं आधी, यांतलं जे लवकर येईल तेव्हा.

पण तपासणीत दोष निघाला तर? घरात लग्नाच्या मुली असताना हा प्रश्न कोणी मोठ्यानं विचारत नाही, पण मनात असतोच. स्थळं फिरतील, लोक बोलतील. ही भीती खोटी आहे, असं म्हणणं सोपं आहे आणि खरं नाही. मात्र तिच्यासमोर फिनलंडचा अनुभव ठेवायला हवा. तिथं लिंच सिंड्रोमच्या २२ घराण्यांतल्या २५२ माणसांवर पंधरा वर्षं नजर ठेवली. दर तीन वर्षांनी दुर्बीण घालून घेणाऱ्यांत आतड्याचा कर्करोग निम्म्याहून कमी झाला आणि त्यानं त्यांच्यापैकी एकही दगावला नाही. तपासणी न करून घेणाऱ्यांपैकी नऊ जण गेले. लपवलेला दोष आणि सांभाळलेला दोष यांत एवढा फरक!

आजार झालाच, तरी आता चित्र पूर्वीइतकं काळं नाही. लिंचसारख्या दोषातून झालेल्या गाठींत चुका इतक्या साचलेल्या असतात, की संरक्षक पेशींना त्या परक्या म्हणून ओळखता येतात. त्या पेशींवरचा लगाम सोडला की झालं. २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग रुग्णालयानं गुदाशयात अशी गाठ असलेल्या बारा रुग्णांना डॉस्टारलिमॅब हे औषध दिलं. बाराही जणांची गाठ दिसेनाशी झाली, शस्त्रक्रियेशिवाय. औषध अफाट महाग आहे, ही त्यातली मेख.

पॉलिनच्या घराण्यावर आज शंभर वर्षांहून अधिक काळ नजर आहे. २००० साली त्यांच्यातला नेमका बिघाड सापडला. त्याच घराण्यातल्या कॅनडावासी लेखिका ॲमी मॅके यांच्यातही तो निघाला आणि त्यांनी २०१९ मध्ये घराण्याची ही सगळी हकीकत पुस्तक करून छापली. त्या हकीकतीच्या मुळाशी आहे पॉलिननं हिंडून गोळा केलेली यादी. त्यात नाव, नातं, कोणता आजार आणि कितव्या वर्षी, एवढंच होतं. घरात अशी यादी करायची तर आजी असेपर्यंत करावी. आत्या, मावशी आणि पणजीच्या माहेरची माणसं एरवी आठवायची तरी कोणाला?